लागलेलं जनावर

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, धुळ्याकडच्या आमच्या घरी वाघ आणि माझ्या सासरी मांजर. हे मी कितीदा तरी चेष्टेत म्हणत आले आहे. त्या मार्चनंतर मात्र म्हटलेलं नाही.

माहेरी नाना वावरात उभे राहून हाक मारतात ती वेशीत ऐकू येते. मापाड्याशी भांडतील, तलाठ्याला सुनावतील, आम्हा भावंडांना तर त्यांनी नुसत्या नजरेवर वाढवलं. आणि तेच नाना इकडे, वरणगावच्या पुढे तापीकाठी माझ्या सासरी आले की खाटेच्या अगदी कडेवर बसणार. सासरे बसल्याशिवाय बसणारच नाहीत. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आबा काहीही बोलोत, नानांचं उत्तर ठरलेलं: ‘‘बरोबर शे, आबा.’’ मुलीचा बाप ना! माझ्या आजोबांनी तर लेकीच्या गावात पाण्याला तोंड लावलं नव्हतं. नाना पाणी पितात, चहा पितात, पण मुलीच्या घरी शब्दाला शब्द देत नाहीत. मला याचा भयंकर राग येतो, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे दोन्ही घरांना पाठ झालेलं आहे.

नाना त्या वेळी आले ते पाहुणचाराला नव्हे, बंदूक घेऊन आले होते.

नदीकाठच्या काटेरी बाभळींत रानडुकरं माजली होती. उन्हाळा लागला की बाहेर सगळं कोरडं, आणि आमची केळीची बाग तेवढी ओली. कळप यायचा, कंद उकरायचा, उभी केळी आडवी व्हायची, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे तुकडे. भोंगे लावून झाले, रंगीत साड्या बांधून झाल्या. एके दिवशी भल्या पहाटे पाणी द्यायला गेलेल्या शेजारच्या गड्याची मांडी डुकराने फाडली, तेव्हा आबांनी वनखात्याकडे अर्ज केला. आमच्याकडे पिकात शिरणाऱ्या डुकरांना मारायची रीतसर परवानगी मिळते, पण बंदूक परवान्याची लागते, आणि ती चालवणारा माणूसही. आमच्या गावात तसं कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याला सासरा आठवला. नानांकडे आजोबांपासूनची दुनळी आहे, पीक राखायच्या परवान्यावरची.

नाना आले, पण येतानाच त्यांनी फोनवर एक गोष्ट कबूल करून घेतली होती. जनावर लागलं आणि पडलं नाही, तर ते सापडेपर्यंत सगळे त्यांचं ऐकतील. त्यांच्याकडे हा घरचा नियमच होता. लागलेलं जनावर ज्याने मारलं त्याच्या गळ्यात. ते शोधून संपवेपर्यंत त्याने जेवायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी त्या रानात पाय टाकायचा नाही. वनरक्षक आला होता, त्यानेही अटी सांगितल्या त्यात हेच होतं: जखमी जनावर वाऱ्यावर सोडायचं नाही, मेलेल्याचा पंचनामा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आबा हसून म्हणाले, ‘‘तुम्ही म्हनसान तसं, नाना.’’

संध्याकाळी ऊन उतरल्यावर नाना बागेच्या नदीकडच्या बांधावर बसले. बरोबर वनरक्षक आणि माझा नवरा. मी अलीकडच्या शेडमध्ये चहा ठेवत होते. बार वाजला तेव्हा हातातली गाळणी पडली, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वाटलं, सुटलो. बाहेर येऊन पाहते तर नाना उभे, आणि त्यांचा चेहरा असा उतरलेला की मी तो आजी गेली तेव्हाच पाहिला होता.

‘‘लागनं, पन पडनं नही,’’ ते म्हणाले.

मोठा नर होता. मागच्या पायांवर बसला, उठला आणि उलटा नदीकडे न पळता सरळ आमच्या बागेत शिरला.

ज्याने केळीची उभी बाग आतून पाहिलेली नाही त्याला याची भीती कळणार नाही. बाहेरून ती हिरवीगार, फोटो काढावा अशी दिसते. आत दोन ओळींपलीकडचं काही दिसत नाही. वरून पानांचं छत, खाली वाळलेली पानं खोडाला लोंबकळत असतात, जमिनीवर कुजक्या पानांचा गुडघाभर थर. माणूस दहा पावलांवर उभा असला तरी नुसती खसफस ऐकू येते. ती वाऱ्याची की कुणाची, ते कळत नाही.

नानांनी नळीत नवी काडतुसं भरली आणि बांधावरच बसून राहिले. अंधार पडत होता. ‘‘आते कोनीच मधी जावानं नही,’’ ते म्हणाले. मग मला समजावल्यासारखं, हळूच सांगितलं की लागलेलं डुक्कर आधी पळतं, मग दाट जागा बघून दबा धरतं, आणि ज्या वाटेने आपण आलो त्या वाटेकडे तोंड करून बसतं. शोधणारा त्याच वाटेने येतो. शेजारच्या गड्याची मांडी माझ्या डोळ्यांपुढे आली, त्यातून दिसणारं पांढरं.

रात्री नाना जेवले नाहीत. सासूबाईंनी वरण-बट्टी केली होती, तूप ओतून. व्याही ताटावरून उठले म्हणजे काय, त्यांना ते फार लागलं. आबांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं: एका डुकरासाठी केवढं हे!

सकाळी उजाडल्यावर शोध सुरू झाला. वनरक्षक रात्रीच परत गेला होता, सापडलं की बोलवा म्हणून. पुढे नाना, त्यांनी हाताने थांबवलं तरी त्यांच्या मागे आबा, मागे माझा नवरा काठी घेऊन. मला बांधावर थांबायला सांगितलं होतं. मी अर्थातच पहिल्या काही ओळींपर्यंत आत गेले. नाना वाकून वाकून चालत होते. एका वाळक्या पानावर तपकिरी ठिपका दिसला की थांबायचे, बोट लावायचे, पुढचा ठिपका शोधायचे. तसे ठिपके मलाही दिसत होते, एकामागे एक, ओळीच्या कडेने आत आत जाणारे.

आणि माझे सासरे हसले.

‘‘असं काय करू रायले व्याही? चीक हाये तो, केयीचा!’’

मागच्या आठवड्यात पहिली कटाई झाली होती. घड कापला की दांड्यातून चीक गळतो, पाण्यासारखा; वाळला की तपकिरी, काळपट लाल होतो. घड खांद्यावर घेऊन माणूस ओळीतून चालतो, आणि त्याच्या वाटेवर असे ठिपके पडत जातात. केळीवाल्यांचा जन्म हे डाग बघण्यात जातो. आमच्या घरात बागेत जायचे कपडेच वेगळे असतात, ते मूळ कुठल्या रंगाचे होते हे कुणी सांगू शकणार नाही. नाना कापूस-बाजरीवाले. आबा पुढे झाले, त्यांनी दुसऱ्या ओळीतले ठिपके दाखवले, तिसऱ्या ओळीतले दाखवले. सगळीकडे होते. माझा नवराही हसला. ‘‘असं शोधलं तर नाना, वर्षभर पुरेल.’’

नाना तिथे उकिडवे बसलेले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. धुळ्याला असते तर म्हणाले असते, हसता काय, मला बघू द्या. त्यांनी एकदा त्या ठिपक्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे पाहिलं, आणि उठून उभे राहिले.

‘‘बरोबर शे, आबा.’’

नंतर त्यांनी दबकत एवढं सुचवलं की बाग दोन दिवस बंद ठेवावी. पण व्यापाऱ्याची गाडी दुपारी लागणार होती, घड कापणाऱ्या मजुरांची टोळी सांगून ठेवलेली होती. माल झाडावर पिकला तर कुणी घेत नाही. आबांच्या मते डुक्कर केव्हाच बागेतून पार होऊन नदीला लागलं होतं. कुत्रं नेऊन बघितलं, ते बांधावरच लोळलं. मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, नानांनी घातलेली अट विसरलात का? तो म्हणाला, अगं, त्यांनीच आता हो म्हटलं ना. माझ्या बापाचं ‘हो’ कसं असतं ते या घरात मला एकटीला माहीत होतं.

दुपारी घरी येऊन नाना जेवायला बसले. सासूबाईंचा मान राखायला बसले, दोन घास भरताचे घेतले आणि ताट झाकलं. संध्याकाळच्या गाडीने निघतो म्हणाले. शर्टाच्या बाहीला कोपराजवळ डाग पडला होता. मी म्हटलं, काढा तो, असा घालून धुळ्यापर्यंत जाणार का? ते बंडीवर ओसरीत आडवे झाले, डोळे उघडेच. मी शर्ट घेऊन मोरीत गेले. मनात म्हणत होते, चिकाचा डाग आहे, गेला शर्ट कामातून. तरी सवयीने बाही बादलीत बुडवली आणि अंगठ्याने चोळली.

डाग सुटला.

चीक सुटत नाही. साबण लावा, लिंबू लावा, रॉकेल लावा, चीक कपड्याबरोबर चुलीत जातो. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यापायी रडले आहे. आणि इथे बादलीतलं पाणी हळूहळू गुलाबी होत होतं. सकाळी आम्ही सगळे ज्याच्याभोवती उभे राहून हसलो ते रक्त होतं. ते आत आत गेलं होतं. बाहेर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि या घडीला टोळी बागेत होती, आबा होते, माझा नवरा होता.

मी बादलीच उचलून ओसरीत नेली. नानांनी पाण्यात पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही. बंडीवरच उठले, बंदूक घेतली, आणि मी स्कूटी काढली. नवऱ्याला फोन लावत होते, नुसता वाजत होता. सासूबाई ओरडून विचारत होत्या काय झालं. गावातून जाताना लोक बघत राहिले, पुढे सून, मागे बंडीवरचा म्हातारा, त्याच्या मांडीवर बंदूक. एरवी मला हसू आलं असतं.

बागेशी पोचलो तर गाडी उभी, इंजिन चालू, आबा घड मोजून घेत होते. नानांनी उतरल्या उतरल्या आवाज दिला. तो धुळ्याचा आवाज होता. इतक्या वर्षांत या गावाने तो ऐकला नव्हता.

‘‘आबा! बठ्ठा भाहेर काढा! आत्तेना आत्ते!’’

आबा चमकले. त्यांना कुणी असं बोललेलं नव्हतं, व्याह्याने तर नाहीच. पण त्या आवाजापुढे विचारायची सोय नव्हती. त्यांनी हाका मारल्या, टोळीवाल्यांनी हाका मारल्या. माणसं बाहेर यायला लागली, कुणी खांद्यावर घड घेऊन, कुणी रिकाम्या हातांनी, बायका डोक्यावरची चुंबळ सावरत. मी एकेक तोंड बघत होते. सगळे आले. माझा नवरा आला नाही.

‘‘तो मांगच्या टोकाले, नळ्या जोडू रायला,’’ आबा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज गेला. मागच्या टोकाला मोटार चालू होती, तिथे हाक पोचत नव्हती. त्याचा फोन शेडमध्ये चार्जिंगला लावलेला. मी केलेले सगळे कॉल तिथे भिंतीवर वाजले होते.

नाना मला म्हणाले, ‘‘आठेच थांब.’’ आणि आत शिरले. आबा मागे निघाले तर हाताने थांबवलं. या वेळी आबा थांबले. बांधाने वळसा घालून जावं तर मागच्या टोकाला नाला, तिकडून वाट नाही. आतूनच जावं लागणार होतं.

पानं हलली, मग थोडी पुढची हलली, मग काहीच हललं नाही. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं. इतकी माणसं बांधावर उभी, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मी देवाचं नाव घेऊ लागले आणि मला देवाचं नाव आठवेना. आधी मला डुकराचीच भीती वाटत होती. मग हळूहळू दुसरीच भीती वर आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. आत एक माणूस बंदूक घेऊन चालला आहे, घाबरलेला, थकलेला, कालपासून धड न जेवलेला. त्याला आत काहीतरी हलताना दिसणार आहे. आणि आत हलणारं फक्त डुक्कर नाही.

मी ओरडले असते, पण वाटलं ओरडण्यानेच बोट दचकलं तर? तोंडात पदर धरून उभी राहिले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. डाव्या अंगाला खसफस झाली, आणि नवरा बाहेर आला. चिकाच्या त्या काळ्या-तपकिरी कपड्यांत, डोक्यात वाळक्या पानांचा भुगा, हातात नळीचा तुकडा. कपाळाला आठ्या. ‘‘तुझे नाना पाठीमागून आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणे बाहेर जा, पळू नको. काय चाललंय काय?’’ मी सगळ्यांदेखत, सासऱ्यांदेखत, त्याचा दंड धरला आणि सोडला नाही. तो लाजून हात सोडवायला लागला तरी सोडला नाही.

मग बार झाला. एकच.

नाना बाहेर आले ते बऱ्याच वेळाने, सावकाश, बंदूक नळीपाशी उघडून हातावर टाकलेली. वनरक्षकाला बोलवा म्हणाले. तो आल्यावर पंचनाम्याला सगळे आत गेले, मीही गेले. नवरा नळ्या जोडत होता तिथून अगदी थोड्या अंतरावर ते डुक्कर पडलं होतं. मागचा भाग लुळा झालेला. ठिबकची फुटलेली नळी होती, तिथल्या चिखलात त्याने पुढच्या पायांनी खळगा केला होता आणि गळणाऱ्या थेंबाखाली तोंड धरून पडून राहिलं होतं. कालपासून. कुणाची वाट अडवून नव्हतं, दबा धरून नव्हतं. तोंडापुढचा चिखल चाटून चाटून गुळगुळीत झाला होता. ज्याच्या भीतीने आमची पाचावर धारण बसली होती ते इतका वेळ पाणी पीत मरण्याची वाट बघत होतं. मला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि नानांना म्हणाले, ‘‘चुकलंच आमचं.’’ नाना नेहमीचं ‘बरोबर शे’ म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटीवर वरणगावला सोडायला गेले. धुतलेला शर्ट अजून ओला होता, तोच अंगात. बंदूक खोळीत. स्टँडवर एसटीची वाट बघत बाकावर बसलो. मी काहीतरी हलकं बोलत होते, आबांना कसं झापलंत वगैरे. त्यांना ते ऐकूच येत नव्हतं.

‘‘बेटा,’’ ते समोर बघत म्हणाले, ‘‘माले आधी जवाईबुवा दिसनात नही. पानामां काळी पाठ दिसनी. वाकेल. माले वाटनं, डुक्करच शे. मी बंदूक लाई व्हती. नेम लाया व्हता.’’

मी त्यांच्याकडे वळले.

‘‘तेवढामां तेस्नी घाम पुसा,’’ ते म्हणाले. ‘‘हात दिसना, मानूसना.’’

ते रडले नाहीत. हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बसले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. एसटी आली. चढताना ते एवढंच म्हणाले, तेस्ले सांगू नको. नंतर धुळ्याला जाऊन त्यांनी बंदूक जमा केली आणि परवाना परत दिला. घरी सांगितलं की डोळ्यांना कमी दिसतं.

मी नवऱ्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, नानांनी त्याचा जीव वाचवला. चारचौघांत तो ही गोष्ट कौतुकाने सांगतो, सासरा कसा वाघ आहे म्हणून. मी तेवढ्यात चहा बघायला आत जाते.

नानांचा फोन मात्र रोज येतो, दिवेलागणीच्या वेळी. आधी आठवड्यातून एकदा यायचा. माझी चौकशी नाही, पाऊसपाणी नाही. फोन उचलला की पहिला प्रश्न एकच: ‘‘जवाईबुवा कथा शेत?’’

‘‘हे काय, समोरच बसलेत,’’ मी सांगते. पलीकडे नानांनी सोडलेला श्वास ऐकू येतो. तो बागेत गेलेला असला तरी मी हेच सांगते.